सहा आणि आठ सिलिंडरांची अमेरिका

जुनी अमेरिकी व्ही-८ मोटार जागच्या जागी चालू असेल तर डोळे मिटूनही ओळखता येते. चार सिलिंडरच्या गाडीचा आवाज एकसुरी असतो. व्ही-८ गुरगुरते, मध्येच एक ठोका गाळल्यासारखं करते आणि लगेच दोन ठोके लागोपाठ देते. हॉलिवूडच्या सिनेमांनी हा आवाज जगभर पोचवला. तो कुठून येतो हे कळलं की या इंजिनांच्या पोटात शिरायला वाट मिळते, म्हणून तिथूनच सुरुवात करू.

व्ही-८ म्हणजे चार-चार सिलिंडरांच्या दोन रांगा. दोन्हींमध्ये ९० अंशांचा कोन आणि खाली दोघींना मिळून एकच क्रँकशाफ्ट. क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांत, म्हणजे ७२० अंशांत, प्रत्येक सिलिंडरमध्ये एकदा इंधन पेटतं. आठ सिलिंडर, म्हणून दर ९० अंशांना एक ठोका. सगळ्या इंजिनाचा विचार केला तर ठोके अगदी समान अंतरावर पडतात. खरी गंमत रांगांमध्ये आहे. शेवरोलेच्या व्ही-८ मध्ये सिलिंडर पेटण्याचा क्रम १-८-४-३-६-५-७-२ असा असतो. विषम आकडे डाव्या रांगेतले, सम आकडे उजव्या. आता रांगा मोजून पाहा: डावी, उजवी, उजवी, डावी, उजवी, डावी, डावी, उजवी. एकट्या डाव्या रांगेकडे कान दिला तर दोन ठोक्यांमधलं अंतर कधी २७० अंश, कधी १८०, कधी नुसतं ९०. दोन्ही रांगांचा धूर वेगवेगळ्या नळ्यांतून बाहेर पडतो, त्यामुळे आपल्या कानावर हा असमान ठेकाच येतो.

असा क्रम ठेवण्यामागचं कारण मात्र थरथर हे होतं. कॅडिलॅकनं १९१४ मध्ये व्ही-८ मोटार मोठ्या संख्येनं बनवायला घेतली, तेव्हा तिच्या क्रँकशाफ्टचे सगळे कोपर एकाच प्रतलात होते. ठरावीक वेगाला ते इंजिन अंग हलवून टाकायचं. १९२३ मध्ये कॅडिलॅकनं हे कोपर एकमेकांशी काटकोनात वळवले आणि थरथर गेली. पुढच्या जवळपास प्रत्येक अमेरिकी व्ही-८ नं हीच रचना उचलली, आणि तिच्यासोबत तो आवाजही.

पण कॅडिलॅक ही श्रीमंतांची मोटार. शेतकऱ्याला, कारकुनाला, दूधवाल्याला व्ही-८ मिळाली ती फोर्डमुळे, आणि फोर्डला ती बनवता आली ती त्याच्या ओतशाळेमुळे. अमेरिकी इंजिनांच्या इतिहासात अश्वशक्तीचे आकडे पुष्कळ भेटतात. माझ्या मते त्या आकड्यांहून महत्त्वाचा प्रश्न वेगळाच आहे: लोखंड कसं ओतलं, किती स्वस्तात ओतलं, आणि ते इंजिन साध्या माणसाला स्वतःच्या हातानं खोलता येत होतं का.

१९२९ मध्ये शेवरोलेनं चार सिलिंडरच्या किमतीत सहा सिलिंडरची मोटार बाजारात आणली. फोर्डच्या मॉडेल ए मध्ये चारच सिलिंडर होते आणि ताकद ४० अश्वशक्तीची. १९३१ मध्ये शेवरोलेनं विक्रीत फोर्डला मागे टाकलं. सहाला उत्तर म्हणून आपणही सहाच काढावेत हे हेन्री फोर्डला पटेना. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यानं काढलेली सहा सिलिंडरची मॉडेल के पडली होती आणि तेव्हापासून त्या आकड्यावर त्याचा रागच होता. सत्तरीला टेकलेल्या या माणसानं थेट आठ सिलिंडरचं इंजिन करायचं ठरवलं. डिअरबॉर्नमध्ये ग्रीनफिल्ड व्हिलेज नावाचं संग्रहालय त्यानं उभारलं होतं आणि थॉमस एडिसनची फ्लोरिडातली प्रयोगशाळा उचलून तिथं आणून बसवली होती. त्या प्रयोगशाळेत निवडक अभियंत्यांना बसवून काम गुपचूप सुरू झालं.

अडचण नकाशात कमी आणि ओतकामात जास्त होती. त्या काळच्या महागड्या व्ही-८ मध्ये सिलिंडर वेगळे ओतायचे, क्रँककेस वेगळी करायची आणि मग हे भाग बोल्टांनी जोडायचे. प्रत्येक तुकडा कापायचा, घासायचा, एकमेकांवर बसवायचा. त्याला कसबी हात लागत आणि किंमत तिथंच चढत जाई. फोर्डला दोन्ही रांगा आणि क्रँककेस मिळून लोखंडाचा एकच ओतीव ठोकळा हवा होता, आणि तोही दिवसाला हजारांच्या हिशेबात.

ओतीव वस्तूत पोकळी हवी असेल तर साच्यात त्या पोकळीच्या आकाराचा वाळूचा कोअर ठेवावा लागतो. व्ही-८ च्या ब्लॉकमध्ये आठ सिलिंडरांच्या पोकळ्या, त्यांच्याभोवती पाणी खेळवायच्या वाटा, व्हॉल्व्हची खोली, धूर बाहेर नेणारे बोगदे, असे कितीतरी कोअर एकमेकांच्या अंगाला अंग लावून बसवावे लागत. वितळलेलं लोखंड आत शिरताना त्यातला एखादा केसभर सरकला की एका बाजूची भिंत पातळ आणि दुसऱ्या बाजूची जाड. बाहेरून काहीच कळत नाही. ब्लॉक निवतो, वाळू झाडली जाते, सिलिंडर बोअर करायला तो यंत्रावर चढतो, आणि हत्यार फिरता फिरता पाण्याच्या वाटेत भगदाड पडतं. ठोकळा भंगारात आणि त्यावरची सगळी मजुरी वाया. सुरुवातीच्या महिन्यांत असे कितीतरी ब्लॉक फेकून द्यावे लागले. फोर्डचा उत्पादनप्रमुख चार्ल्स सोरेन्सन हा मुळात साच्यांसाठी लाकडी नमुने करणारा कारागीर. कोअर जागचे न हलता पक्के कसे बसवायचे, ही त्याच्या माहितीतली गोष्ट होती. त्यानं ती तडीला नेली.

३१ मार्च १९३२ रोजी ही मोटार लोकांपुढे आली. इंजिन २२१ घनइंचाचं, म्हणजे ३.६ लिटरचं, ताकद ६५ अश्वशक्तीची. सगळ्यात स्वस्त रोडस्टर ४६० डॉलरला. वर्ष महामंदीचं होतं. लोकांच्या हातात पैसा नव्हता, तरी ज्याला मोटार परवडत होती त्याला आता आठ सिलिंडर परवडत होते. बँका लुटत फिरणारे बॉनी आणि क्लाइड १९३४ मध्ये पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले तेव्हा तेही फोर्ड व्ही-८ मध्येच बसलेले होते. पाठलाग चुकवायला त्या काळी याहून वेगवान गाडी चोरायला मिळणं अवघड होतं.

या इंजिनाला ‘फ्लॅटहेड’ म्हणतात, कारण त्याचं हेड सपाट असतं. व्हॉल्व्ह सिलिंडरच्या डोक्यावर नसून शेजारी ब्लॉकमध्येच उभे. त्यामुळे हेड म्हणजे जवळजवळ नुसतं झाकण. बोल्ट काढले, हेड उचललं की पिस्टन आणि व्हॉल्व्ह एका नजरेत समोर. शेतकऱ्याचा पोरगाही ते काम करू शकत असे. पण याच रचनेत त्याचं दुखणंही होतं. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह दोन रांगांच्या मधल्या दरीत होते आणि धूर बाहेरच्या बाजूला सोडायचा होता. मग तो लालभडक धूर ब्लॉकच्या आतून, सिलिंडरांच्या मधून, पाण्याच्या वाटा ओलांडत बाहेर जाई. वाटेत तो पाणी तापवी. डोंगर चढताना फोर्डच्या रेडिएटरमधून वाफ निघणं हे नेहमीचंच झालं. कंपनीनं पाण्याचे पंप हेडवरून ब्लॉकवर आणले, इतरही उपाय केले. ताप कमी झाला, पूर्ण गेला नाही. तरीही अमेरिकेत हे इंजिन १९५३ पर्यंत बनत राहिलं.

फ्लॅटहेडचं दुसरं आयुष्य कॅलिफोर्नियात घडलं. जुन्या फोर्ड मोटारी स्वस्तात मिळू लागल्या तेव्हा लॉस एंजेलिसच्या आसपासची पोरं त्यांचे मडगार्ड आणि बॉनेट काढून टाकून, इंजिनाची ताकद चढवून, म्यूरॉक आणि एल मिराज इथल्या कोरड्या तळ्यांच्या सपाट पात्रांत वेग अजमावायला जाऊ लागली. सिलिंडर थोडे मोठे बोअर करायचे, हेड घासून कॉम्प्रेशन वाढवायचं, एकाऐवजी दोन कार्बोरेटर बसवायचे. व्हिक एडलब्रॉकसारख्या मेकॅनिकनं अशा दोन कार्बोरेटरचे मॅनिफोल्ड बनवून विकायला सुरुवात केली आणि त्यातून एक अख्खा धंदा उभा राहिला. दुसऱ्या महायुद्धानंतर विमानांच्या कारखान्यात लेथ चालवायला शिकलेले आणि सैन्यातून परतलेले तरुण त्यात आले. हॉट-रॉड ही चळवळ फोर्डच्या कंपनीनं आखलेली नव्हती. इंजिन स्वस्त होतं, हाताला सापडत होतं आणि बिघडलं तरी फार नुकसान होत नव्हतं, एवढ्यावर ती उभी राहिली.

फ्लॅटहेडचं तापणं बरं करायला निघालेला एक माणूस पुढे शेवरोलेचा कायापालट करणार होता. ब्रुसेल्समध्ये रशियन आईबापांच्या पोटी जन्मलेला झोरा आर्कस-डंटॉव्ह भावासोबत न्यूयॉर्कला येऊन स्थायिक झाला. फोर्डच्या ट्रकांसाठी त्यांनी ‘आरडन’ नावाची हेडं बनवली. त्यांत व्हॉल्व्ह डोक्यावर होते आणि धुराची वाट ब्लॉकमधून जात नव्हती. ट्रकवाल्यांपेक्षा शर्यतवाल्यांनीच ती जास्त उचलून धरली. १९५३ मध्ये डंटॉव्ह शेवरोलेत नोकरीला लागला आणि त्याच डिसेंबरात त्यानं वरिष्ठांना एक टिपण दिलं. त्याचा मतितार्थ असा: हॉट-रॉडची मासिकं उघडली की पानोपानी फोर्ड दिसते; ही पोरं मोठी झाली की फोर्डच विकत घेणार; त्यांना आपल्याकडे वळवायचं असेल तर शेवरोलेच्या नव्या इंजिनासाठी वेगाचे सुटे भाग कंपनीनंच तयार करून द्यायला हवेत. कंपनीच्या आत बसून रस्त्यावरचं इतकं अचूक वाचणारी टिपणं फार थोडी लिहिली जातात.

ते नवं इंजिन म्हणजे १९५५ च्या मॉडेलांसाठीचं शेवरोले स्मॉल-ब्लॉक. त्याचा प्रमुख अभियंता एड कोल कॅडिलॅकच्या १९४९ च्या व्ही-८ वर काम करून आलेला होता. शेवरोलेचं गिऱ्हाईक कॅडिलॅकचं नव्हे, त्यामुळे हे इंजिन हलकं, लहान आणि स्वस्त हवं होतं. भिंती पातळ ओतल्या. डाव्या रांगेचं हेड उजवीकडेही बसेल असं केलं, म्हणजे साचा एकच. दोन रांगांमधल्या दरीवर वेगळं झाकण न घालता इनटेक मॅनिफोल्डनंच ती झाकली. आठ सिलिंडरचं हे २६५ घनइंची, म्हणजे ४.३ लिटरचं इंजिन त्याच कंपनीच्या जुन्या सहा सिलिंडरी इंजिनापेक्षा वजनाला हलकं भरलं.

या इंजिनाचं हुशारपण एकाच सुट्या भागात पाहायचं असेल तर त्याचा रॉकर हातात घ्यावा. रॉकर म्हणजे खालून येणाऱ्या पुशरॉडचा धक्का उलटवून व्हॉल्व्हवर देणारी तरफ. आधीच्या इंजिनांत तो जाडजूड असे, एका लांब शाफ्टवर रांगेनं ओवलेला, त्याला पाठीमागे टेकू देणारे ब्रॅकेट आणि तेल नेणाऱ्या वाटा. स्मॉल-ब्लॉकचा रॉकर पत्रा प्रेसवर दाबून काढलेला, होडीच्या आकाराचा पोकळ तुकडा. मधोमध भोक. त्या भोकातून हेडमध्ये ठोकलेला स्टड वर येतो, त्यावर अर्धगोल बसतो आणि वर एक नट. संपलं. शाफ्ट नाही, ब्रॅकेट नाही. पुशरॉड पोकळ ठेवला, त्यातून तेल वर येतं आणि रॉकरच्या वाटीत साचतं. टॅपेट सेट करायचा तर एका पान्ह्यानं तो नट फिरवायचा. मूळ कल्पना शेवरोलेची मालक असलेल्या जनरल मोटर्सच्याच पाँटिअॅक विभागातली. कोलनं ती उचलली. रॉकर हलका असल्यानं इंजिन जास्त फेरे मारू शकलं, आणि स्वस्त असल्यानं गाडीही स्वस्त झाली. एकाच भागानं दोन्ही कामं केली, हे मला कुठल्याही शर्यतीच्या विजयापेक्षा मोठं वाटतं.

सुरुवातीला ताकद १६२ अश्वशक्ती, मोठ्या कार्बोरेटरसह १८०. डंटॉव्हनं सुचवलेले सुटे भाग येऊ लागले. १९५७ मध्ये २८३ घनइंचाच्या इंजिनाला इंधन फवारणारी यंत्रणा बसवून २८३ अश्वशक्ती मिळाल्याची जाहिरात कंपनीनं केली: प्रत्येक घनइंचाला एक अश्वशक्ती. पुढे ३२७ आलं, १९६७ च्या कमॅरो मोटारीपासून ३५० आलं. शेजारच्या दोन सिलिंडरांच्या मध्यांतलं अंतर मात्र ४.४ इंचच राहिलं. त्यामुळे ओतशाळेतली आणि बोअर करायची महागडी यंत्रं दशकानुदशकं चालली, आणि एका सालचा भाग दुसऱ्या सालच्या इंजिनावर बसत राहिला. मोटार, पिकअप, बोट, सगळीकडे हेच इंजिन गेलं. भंगार बाजारात ते कुठल्याही गावात सापडे आणि हॉट-रॉडवाल्यांनी बघता बघता फ्लॅटहेड सोडून हे धरलं. २०११ मध्ये कंपनीनं दहा कोटीव्या स्मॉल-ब्लॉकचा समारंभ केला.

क्रायस्लरचं हेमी या सगळ्याच्या उलट वाटेनं गेलं. त्याच्या हेडच्या आतली पोकळी अर्धगोलाकार असते. अर्धगोलाच्या दोन उतरणींवर समोरासमोर दोन मोठे व्हॉल्व्ह बसतात, हवा एका बाजूनं आत येऊन सरळ दुसऱ्या बाजूनं निघते आणि स्पार्क प्लग जवळजवळ मध्यावर असतो. श्वास मोकळा, जळण चांगलं. युद्धात क्रायस्लरनं विमानासाठी अशाच हेडचं सोळा सिलिंडरी इंजिन करून पाहिलं होतं. १९५१ मध्ये ३३१ घनइंचाचं, १८० अश्वशक्तीचं फायरपॉवर बाजारात आलं. पण दोन्ही बाजूंना कललेल्या व्हॉल्व्हसाठी प्रत्येक हेडवर दोन रॉकर शाफ्ट लागतात, हेड रुंद आणि जड होतं, खर्च वाढतो. १९५० चं दशक संपता संपता कंपनीनं ते बंद केलं.

१९६४ मध्ये ते परत आलं ते शर्यतीसाठी, ४२६ घनइंचाचं, म्हणजे सात लिटरचं. पुन्हा प्रश्न ओतकामाचाच आला. चाचणीत सिलिंडरच्या भिंती तडकत होत्या. जाड भिंतींचे नवे ब्लॉक घाईनं ओतले गेले आणि डेटोना ५०० च्या शर्यतीला जेमतेम वेळेवर पोचले. २३ फेब्रुवारी १९६४ रोजी रिचर्ड पेटी पहिला आला आणि पहिल्या तिन्ही गाड्या हेमी बसवलेल्या प्लिमथ होत्या. शर्यतीचे नियम करणाऱ्या नॅसकारनं पुढच्या वर्षी हेमीला अटकाव केला, तेव्हा क्रायस्लरनं १९६६ पासून ते रस्त्यावरच्या मोटारीतही विकायला काढलं. कागदावर ४२५ अश्वशक्ती. सामान्य माणसाला हे इंजिन परवडत नव्हतं, ट्यून ठेवणं सोपं नव्हतं, पेट्रोल तर विचारूच नये. मला ते विलक्षण वाटतं, पण जवळचं वाटत नाही. आजच्या सर्वांत वेगवान ड्रॅग-रेसर मोटारींची इंजिनं मात्र अजूनही त्याच रचनेवर उभी आहेत.

१९७० नंतर हवा पालटली. शिशाविना पेट्रोल चालावं म्हणून कॉम्प्रेशन उतरवलं गेलं, धुरावर बंधनं आली. १९७२ पासून अश्वशक्ती मोजायची पद्धतही बदलली: आधी पंखा, सायलेन्सर, एअर क्लीनर न लावता उघडं इंजिन मोजत, आता गाडीत बसवल्यासारखं सगळं लावून मोजू लागले. आकडे एका वर्षात धाडकन खाली आले. १९७३ च्या तेलसंकटानं उरलंसुरलं केलं. जनरल मोटर्सच्याच ब्युइकची गोष्ट इथं सांगण्यासारखी आहे. १९६२ मध्ये ब्युइकनं व्ही-८ वरून बेतलेलं एक व्ही-६ काढलं. पेट्रोल स्वस्त असताना त्याला कोण विचारतं, म्हणून १९६७ मध्ये त्याची सगळी यंत्रसामग्री जीप बनवणाऱ्या कायझर कंपनीला विकून टाकली. तेलसंकट आलं आणि १९७४ मध्ये जनरल मोटर्सनं तीच यंत्रं परत विकत घेतली. त्या इंजिनाचे वंशज पुढे कित्येक वर्षं लाखो मोटारींत धावले. ब्युइकच्याच अॅल्युमिनियमच्या छोट्या व्ही-८ चे हक्क ब्रिटनच्या रोव्हरनं घेतले; रेंज रोव्हरच्या बॉनेटखाली अनेक वर्षं तेच इंजिन होतं.

आठ सिलिंडरांचा एवढा गाजावाजा, पण अमेरिकेचं रोजचं ओझं सहा सिलिंडरांनीच वाहिलं. क्रायस्लरच्या स्लँट-सिक्सला मी या यादीत फार वर ठेवीन. १९६० च्या व्हॅलिअंट मोटारीसाठी ते आखलं. सहा सिलिंडर एका रांगेत, पण सगळी रांग ३० अंशांनी एका बाजूला कललेली. त्यामुळे बॉनेट ठेंगणं झालं, आणि वर मोकळ्या झालेल्या बाजूला इनटेकच्या लांब नळ्यांना जागा मिळाली. लांब नळ्यांमुळे कमी वेगातही हवा चांगली भरते आणि इंजिन खालपासून ओढ घेतं. टॅक्सीवाले, टपालखातं, शेतकरी, सगळ्यांनी ते राबवलं आणि ते कुरकुरलं नाही. फोर्डचं ३०० घनइंची सहा सिलिंडरही त्याच कुळातलं. कॅमशाफ्टला साखळीऐवजी गिअर, क्रँकशाफ्टला सात बेअरिंग. १९६५ पासून १९९६ पर्यंत ते पिकअपमध्ये चाललं.

या सगळ्या सहा सिलिंडरांचा थोरला म्हणजे १९२९ चं शेवरोले. त्याचा महाराष्ट्राशी संबंध सरळ आहे. जनरल मोटर्सनं १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला मोटारी जुळवण्याचा कारखाना काढला होता. हेडवर व्हॉल्व्ह असलेलं हे साधं ओतीव लोखंडी इंजिन फार काळ तेलाच्या दाबावर अवलंबून नव्हतं. कनेक्टिंग रॉडच्या टोकाला छोटी पळी असे, ती फिरताना तेल उचलून बेअरिंगला पाजी. कमी फेऱ्यांत चालवलं तर ते वर्षानुवर्षं टिके. युद्धात जनरल मोटर्सचे सहा चाकांनी ओढणारे अडीच टनी ट्रक पाच लाखांहून जास्त बनले. त्यांचं २७० घनइंची इंजिनही डोक्यावर व्हॉल्व्ह असलेलं सहा सिलिंडरीच. व्हॉक्सॉल ही ब्रिटिश कंपनी जनरल मोटर्सच्या मालकीची असल्यानं तिच्या बेडफर्ड ट्रकचं इंजिनही शेवरोलेच्याच वळणाचं होतं. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर एसटी सुरू झाली. त्या सुरुवातीच्या काळातल्या ताफ्यात शेवरोले, फोर्ड, बेडफर्ड, स्टुडबेकर अशा नाना जातींच्या बस होत्या. आपल्या एसटीच्या पहिल्या फिटरांनी पान्हे चालवले त्यांतली बरीच इंजिनं अमेरिकी, नाहीतर अमेरिकी वळणाची. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातही डॉज, प्लिमथ आणि डिसोटो जुळवल्या जात.

जीपचं इंजिन तर घराघरांतलं. विलीज कंपनीच्या डेल्मर रूस या अभियंत्यानं जुन्या ४८ अश्वशक्तीच्या चार सिलिंडरी इंजिनाचा एकेक भाग सुधारत ते ६० पर्यंत नेलं, आणि त्या ‘गो डेव्हिल’च्या जोरावर युद्धातली जीप चालली. युद्धानंतर त्याच ब्लॉकवर इनटेक व्हॉल्व्ह डोक्यावर नेऊन ‘हरिकेन’ केलं; एक्झॉस्ट शेजारीच ठेवला. ताकद वाढली, पण इंजिनाची उंचीही वाढली आणि जुन्या बॉनेटखाली ते मावेना. म्हणून सीजे-३बी या मॉडेलचं बॉनेट उंच केलं. महिंद्रानं मुंबईत हेच मॉडेल परवान्यानं बनवलं. तहसीलदाराच्या, साखर कारखान्याच्या आणि प्रचाराच्या जीपचा तो उंच, चौकोनी चेहरा एका व्हॉल्व्हची जागा बदलल्यामुळे घडलेला आहे.

जड ट्रकांच्या जगात दोन नावं घ्यायलाच हवीत. पहिलं, जनरल मोटर्सचं १९३८ चं टू-स्ट्रोक डिझेल, मालिका ७१. आकडा प्रत्येक सिलिंडरच्या घनइंचांचा. सहा सिलिंडर असतील तर ६-७१. टू-स्ट्रोक असल्यानं प्रत्येक फेरीला प्रत्येक सिलिंडर पेटतो. त्यामुळे कमी फेऱ्यांतही ते किंचाळतं, आणि ट्रक संथ चालला असला तरी वाटतं की ड्रायव्हर जीव खाऊन पळवतोय. सिलिंडरमधला धूर ढकलून बाहेर काढायला त्याला एक मोठा ब्लोअर लागतो. युद्धात किनाऱ्याला लागणाऱ्या सैनिकी होड्यांत आणि काही शर्मन रणगाड्यांत हे इंजिन होतं. युद्धानंतर हॉट-रॉडवाल्यांची नजर त्या ब्लोअरवर पडली. त्यांनी तो ट्रकमधून काढून व्ही-८ च्या डोक्यावर बसवला. बॉनेट फोडून वर आलेला ब्लोअर ड्रॅग-रेसिंगच्या चित्रांत दिसतो, त्याचा वंश ट्रक आणि बसच्या इंजिनातला आहे.

दुसरं नाव कमिन्स. क्लेसी कमिन्स हा इंडियानातल्या कोलंबस गावी डब्ल्यू. जी. आयर्विन या बँकरचा ड्रायव्हर. मालकाच्या पैशावर १९१९ मध्ये त्यानं डिझेल इंजिनांची कंपनी काढली आणि ती दहा वर्षं तोट्यात गेली. डिझेल म्हणजे जड, घाण, धूर सोडणारं यंत्र, अशीच लोकांची समजूत होती. कमिन्सनं एका पॅकार्ड मोटारीत आपलं इंजिन बसवलं आणि १९३० च्या जानेवारीत ती न्यूयॉर्कच्या मोटार प्रदर्शनाला चालवत नेली. सुमारे ८०० मैलांच्या प्रवासाला इंधन लागलं १ डॉलर ३८ सेंटचं. १९३१ मध्ये इंडियानापोलिस ५०० शर्यतीत त्याची डिझेल गाडी तेरावी आली, पण ५०० मैलांत एकदाही इंधन भरायला थांबली नाही. १९५२ मध्ये तर टर्बोचार्जर बसवलेली कमिन्स डिझेल सर्वांत पुढच्या जागेवरून सुटली. रस्त्यावर घासून उडणारा टायरांचा रबर खाली ठेवलेल्या टर्बोच्या तोंडात जमला आणि ती मध्येच बाहेर पडली. 

१९६२ मध्ये किर्लोस्करांनी कमिन्सशी भागीदारी करून पुण्याला कोथरूडमध्ये कारखाना काढला. तिथून निघालेली इंजिनं ट्रकांपेक्षा जनरेटर, कॉम्प्रेसर, डंपर आणि बोटींत जास्त गेली. या जातीच्या जड डिझेलमध्ये सिलिंडरची भिंत ब्लॉकचा भाग नसते. ती वेगळी लायनर असते आणि तिच्या पाठीला थेट पाणी लागतं. घासली की जुनी लायनर ओढून काढायची, नवी बसवायची, पिस्टन आणि रिंगा बदलायच्या. ब्लॉक जागचा हलवावा लागत नाही. हेन्री फोर्डच्या ओतशाळेत एका पातळ भिंतीमुळे अख्खा ठोकळा भंगारात जात असे. इथं भिंतच सुटा भाग झाली, आणि नीट निगा राखणाऱ्याकडे एकच ब्लॉक तीन-चार ओव्हरहॉल पाहतो.